दुखतं बोटांत, विचारायचं मानेला

डोक्याला हात लावून बसलेला माणूस दिसला की आपण समजतो, बिचाऱ्यावर काहीतरी संकट कोसळलंय. फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात मात्र त्याच बसण्याचा अर्थ वेगळा निघू शकतो. मानेतून हाताकडं जाणारी नस मुळाशीच दबली असेल, तर खांद्यापासून बोटांपर्यंत अशी कळ धावते की हात कुठं ठेवावा तेच सुचत नाही. खाली सोडला तरी दुखतो, मांडीवर ठेवला तरी दुखतो. चाचपडता चाचपडता एके दिवशी हात डोक्यावर जातो आणि कळ ओसरते. मग माणूस तसाच बसतो, तसाच टीव्ही बघतो, रात्री तसाच झोपतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. १९८१ साली डेव्हिडसन, डन आणि मेट्झमेकर या डॉक्टरांनी ‘स्पाइन’ या नियतकालिकात या सवयीवर लेख लिहिला आणि तिला तपासणीचा मान मिळाला. हात डोक्यावर ठेवून बरं वाटत असेल तर दुखण्याचं मूळ मानेत असण्याची शक्यता वाढते.

आता तोच हात डोक्यावरून काढा. बाजूला फाकवा, तळवा आभाळाकडं करा, मनगट मागं वाकवा आणि कोपर सरळ करत न्या. तोच माणूस कळवळेल. हात तोच, नस तीच, बदलले ते फक्त सांध्यांचे कोन. या कोनांवर फिजिओथेरपीतली एक अख्खी तपासणी उभी आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यांत हे दुखणं घेऊन येणारे लोक त्याला नाना नावांनी हाक मारतात. ‘शीर आखडली’, ‘नस दबली’, ‘हाताला मुंग्या येऊ लागल्या’, ‘चमक निघते’. शहागंज-सिटी चौकाकडची दखनी बोलणारी मंडळी ‘नस पे नस चढ गई’ म्हणतात. मराठीतली ‘शीर’ मोठी दिलदार आहे: रक्तवाहिनी, स्नायूचा कंडरा आणि मज्जातंतू असे तिघं तिच्यात सुखानं नांदतात. शाळेच्या पुस्तकात यांची वाटणी होते, बोलण्यात होत नाही. इथं आपण मज्जातंतूंच्या जुडग्याला ‘नस’ म्हणू, कारण दवाखान्यात तोच शब्द चालतो.

नस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विजेची वायर येते. भिंतीत गाडलेली, जागच्या जागी पडून असलेली. दबली तर दबली, तुटली तर तुटली. एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की हे चित्र आणखी घट्ट होतं, कारण एमआरआय काढताना माणूस निश्चल पडलेला असतो. पण हात दिवसभर निश्चल नसतो. कपडे दोरीवर टाकताना, गाडीचं हँडल धरताना, पाठीला साबण लावताना नसेला प्रत्येक वेळी नवी वाट मिळते, आणि प्रत्येक वाटेची लांबी वेगळी असते.

किती वेगळी? व्हिएन्नाचे शल्यविशारद हान्नो मिलेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं होतं. हाताच्या मधोमध जाणारी आणि अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्या भागापर्यंत संवेदना पुरवणारी नस म्हणजे मीडियन नर्व्ह. कोपर आणि मनगट दुमडलेलं असताना तिच्या वाटेची जेवढी लांबी असते, त्याहून ते पूर्ण उघडल्यावर ती सुमारे २० टक्क्यांनी वाढते. आता याच्या शेजारी दुसरा एक आकडा ठेवून बघा. लुंडबोर्ग आणि रायडेविक या स्वीडिश संशोधकांनी १९७३ मध्ये सशाच्या पायातली नस ताणून तिच्यातला रक्तप्रवाह सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. नस ८ टक्के ताणली गेली तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह मंदावू लागला आणि १५ टक्क्यांच्या आसपास पूर्ण थांबला. म्हणजे वाट २० टक्क्यांनी लांबते आणि १५ टक्क्यांनाच रक्त थांबतं. हिशेब जुळत नाही. या हिशेबानं दोरीवर चादर वाळत घालणाऱ्या प्रत्येकाचा हात बधिर व्हायला हवा.

होत नाही, कारण नस नुसती ताणली जात नाही. विसावलेल्या नसेच्या आतले तंतू सरळ रेषेत नसतात, नागमोडी असतात. त्या वळणांमुळं नसेवर चमकदार आडवे पट्टे दिसतात, आणि अठराव्या शतकातल्या फेलिचे फोंताना या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव त्यांना आजही चिकटलेलं आहे. हात उघडू लागला की आधी ही वळणं सरळ होतात. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून नस आपल्या मऊ आवरणातून सरकते. सरकण्याची दिशाही मजेशीर असते. कोपर सरळ केला तर मीडियन नस दंडातून खाली आणि मनगटाकडून वर, म्हणजे दोन्हीकडून कोपराच्या दिशेनं येते. जिथं ओढ पडली तिथं दोन्ही टोकांकडची सैल नस मदतीला धावते.

वाळूजच्या एमआयडीसीत, जिथं बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून दुचाकी बनवतोय, हे कुणालाही चटकन पटेल. मेकॅनिकची जुनी युक्ती आहे. गाडी स्टँडवर लावायची, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवायचं आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवायचं. वळवता वळवता रेस आपोआप वाढली, तर एक्सलेटरची केबल कुठंतरी अडकलीय किंवा चुकीच्या वाटेनं ओढलीय, हे तो केबल न उघडताच सांगतो. मुठीला त्यानं हातही लावलेला नसतो. ओढ पडली हँडलजवळ, बोंबललं इंजिन.

फिजिओथेरपिस्ट हेच करतो.

पेशंटला टेबलावर उताणं झोपवतात. ‘काका, हात एकदम ढिला सोडा, मला मदत करू नका.’ खांदा वर उचलला जाऊ नये म्हणून फिजिओथेरपिस्ट खांद्याच्या वर टेबलावर आपली मूठ रोवतो. मग हात बाजूला उघडतो, काटकोनाच्या थोडा पुढं, साधारण ११० अंशांपर्यंत. मनगट आणि बोटं मागं वाकवतो, तळवा छताकडं वळवतो, खांदा बाहेरच्या बाजूला फिरवतो. सगळ्यात शेवटी, हळूहळू, कोपर सरळ करायला घेतो. इतका वेळ गप्प असलेले काका इथं कुठंतरी म्हणतात, ‘हां, बस. आलं बघा. बोटापर्यंत गेलं.’ कोपर कितव्या अंशावर थांबला, ते कोनमापकानं मोजून लिहून ठेवायचं.

नवशिका इथंच थांबतो आणि चुकतो. कारण या स्थितीत दंडाचा स्नायूही ताणलेला असतो, कोपराच्या पुढची कातडीही ताणलेली असते. ओरडतंय कोण, हे अजून ठरलेलं नाही. म्हणून हात आहे तसाच धरून, त्यातला एकही कोन न बदलता, फिजिओथेरपिस्ट म्हणतो, ‘काका, आता फक्त मान. कान दुसऱ्या खांद्याकडं न्या.’ मान पलीकडं झुकली आणि बोटातल्या मुंग्या वाढल्या; मान परत दुखऱ्या बाजूला आणली आणि त्या कमी झाल्या. मनगट आणि बोटं तर जागची हलली नाहीत. मानेपासून मनगटापर्यंत सलग जाणारी एकच चीज आहे, ती म्हणजे नस. मनगटाच्या स्नायूला मानेचं काय घेणंदेणं? मेकॅनिकचं हँडल ते हेच. उलट तक्रार मानेतच असेल तर मान स्थिर ठेवून मनगट सैल सोडायचं आणि काय होतं ते विचारायचं. दुखऱ्या जागेला हात न लावता दूरच्या सांध्याकडून साक्ष काढायची, हा या तपासणीचा गाभा आहे. बाकीचं सगळं हस्तकौशल्य.

प्रत्येक नसेची ‘मुद्रा’ वेगळी, कारण प्रत्येकीची वाट वेगळी. करंगळीकडं जाणारी अल्नर नस कोपराच्या मागच्या खोबणीतून जाते. दाराच्या चौकटीला कोपर आपटला की वीज चमकते ती हीच. ती मागून जात असल्यानं कोपर सरळ केला तर सैल पडते आणि दुमडला तर ताणते. म्हणून तिच्या तपासणीत कोपर पूर्ण दुमडून तळहात कानाजवळ आणतात. तासभर मोबाइल कानाला लावणाऱ्याची करंगळी बधिर होते ती याच हिशेबानं. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून येणाऱ्या रेडियल नसेसाठी मात्र हात आत फिरवून, कोपर सरळ ठेवून मनगट खाली मुडपतात.

पायाच्या बाबतीत ही कल्पना फार जुनी. सायटिकाच्या पेशंटचा सरळ पाय उचलून बघण्याची पद्धत सर्बियाच्या लाझार लाझारेविच यांनी १८८० मध्ये मांडली आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्यानं. नाव मात्र लागलं गुरूचं, लासेग यांचं. विज्ञानातही वारसाहक्काचे असे घोटाळे चालतात. हाताला मात्र जवळजवळ शंभर वर्षं वाट बघावी लागली. १९७० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे फिजिओथेरपिस्ट रॉबर्ट एल्वी यांनी मृतदेहांवर हात हलवून पाहिले, हाताच्या कोणत्या स्थितीत मानेजवळचा नसांचा जुडगा सगळ्यात जास्त ओढला जातो ते टिपलं आणि १९७९ मध्ये मांडलं. पुढं अॅडलेडच्या डेव्हिड बटलर यांनी १९९१ च्या पुस्तकातून ही तपासणी जगभर नेली.

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण तोवर पंचविशी ओलांडून गेलं होतं. १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा सुरू झाली, ती लुळ्या पडलेल्या पायांसाठी. आज संभाजीनगरच्या सिडको भागात महात्मा गांधी मिशनच्या संस्थेत फिजिओथेरपी शिकणारी मुलं-मुली एकमेकांच्या हातांवर या तपासणीचा सराव करतात. आणि सरावातच त्यांना पहिला धक्का बसतो: धडधाकट वर्गमैत्रीणही ओरडते.

हे महत्त्वाचं आहे. निरोगी माणसाचा हात या स्थितीत नेला तरी कोपराच्या पुढच्या खळगीत ओढ बसते, बऱ्याच जणांच्या अंगठ्याच्या बाजूच्या बोटांत मुंग्याही येतात. मान झुकवली की तेही वाढतं. नस सगळ्यांनाच असते, तेव्हा ती सगळ्यांचीच बोलणार. म्हणून नुसतं दुखलं एवढ्यावर निकाल देता येत नाही. पेशंट जी तक्रार घेऊन आला नेमकी तीच उठली का, दूरचा सांधा हलवल्यावर ती बदलली का आणि दुसऱ्या हातापेक्षा हा हात वेगळा वागला का, हे बघावं लागतं. २००३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वेनर आणि सहकाऱ्यांनी ८२ पेशंटवर केलेल्या अभ्यासातले आकडे बोलके आहेत. मानेतली नस खरोखर दबलेल्या १०० जणांपैकी ९७ जणांना ही तपासणी पकडते. पण जिथं तसं काही नाही, अशा १०० पैकी केवळ २२ जणांनाच ती निर्दोष सोडते. अशा संशयखोर हवालदारावर खटला उभा राहत नाही. हवालदारानं ‘हा नाही’ म्हटलं तर मात्र बिनधास्त विश्वास ठेवावा. मान दुखऱ्या बाजूला ६० अंशांपेक्षा कमी वळणं, मान वाकवून दाबल्यावर कळ उठणं, मान हलकेच ओढल्यावर बरं वाटणं आणि ही हाताची तपासणी, असे चारही साक्षीदार एकच बोलले, तर शक्यता ९० टक्क्यांवर जाते.

नावाचीही एक गोष्ट आहे. सुरुवातीला या तपासणीला ‘टेन्शन टेस्ट’ म्हणत. ‘टेन्शन’ हा शब्द मराठी घरात कसा वापरला जातो ते सांगायला नको. पेशंटला सांगायचं, ‘तुमच्या नसेला टेन्शन आलंय’, आणि मग त्याला घाबरू नका म्हणायचं! ऑस्ट्रेलियाच्याच मायकल शॅकलॉक यांनी १९९५ च्या लेखात ‘न्यूरोडायनॅमिक्स’ हा शब्द पुढं केला. नसेचं ताणलं जाणं हा गोष्टीचा एक भाग झाला. तिचं सरकणं, तिच्यावरचा दाब, तिचा रक्तपुरवठा आणि तिचा हुळहुळेपणा हे बाकीचे भाग. हुळहुळी झालेली नस एरवी सहज सोसलेल्या ओढीलाही बोंब मारते.

आणि मराठवाड्यातल्या हातांना ओढ कमी नाही. पैठणच्या मागावर मान खाली घालून, दोन्ही हात पुढं धरून, बोटांनी रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्या तासन्‌तास खेळवणारे विणकर. कारखान्यात डोक्याच्या वर हात करून नट आवळणारे कामगार. परातीत ज्वारीची भाकरी थापणारी बाई, जिचं मनगट प्रत्येक थापेला मागं जातं. मनगटातल्या ज्या अरुंद बोगद्यातून मीडियन नस जाते, त्यातला दाब १९८१ मध्ये गेलबरमन यांच्या गटानं मोजला. मनगट सरळ असताना निरोगी माणसात तो होता २.५ मिलिमीटर पारा, बोगदा आवळलेल्या पेशंटमध्ये ३२. मनगट मागं वाकवलं की निरोगी माणसात ३० आणि पेशंटमध्ये ११०. अशा बायका मध्यरात्री उठून थर्मामीटर झटकावा तसा हात झटकतात. झटकला की बरं वाटतं. डोक्यावर हात ठेवणाऱ्याला जसं कुणी शिकवलेलं नसतं, तसंच यांनाही नसतं. नस दोनदा, दोन जागी चिमटली जाऊ शकते, तेव्हा मान तपासली म्हणून मनगट सोडून चालत नाही.

आपल्याकडच्या तपासणीत आणखी एक गोष्ट येते, जी ऑस्ट्रेलियन पुस्तकांत क्वचितच भेटेल. घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात शिकलेला डॉक्टर हात बधिर असलेल्या पेशंटच्या कोपरामागं आधी बोटं फिरवतो. तिथली अल्नर नस दोरीसारखी जाड लागली तर त्याला कुष्ठरोगाची शंका येते. देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारतानं २००५ मध्ये गाठलं, पण महाराष्ट्रात नवे रुग्ण अजून सापडतात. सुजलेल्या, आजारी नसेला ओढाताण सोसत नाही. तिथं आधी औषध. तसंच डाव्या हाताच्या कळेसोबत छातीत दाब आणि घाम असेल, तर कोन मोजत न बसता हृदयविकाराचा दवाखाना गाठायचा. दोन्ही हातांची पकड जाऊन चालताना तोल जात असेल तर मज्जारज्जूच दबलेला असू शकतो, आणि मग नस ताणून बघण्याचा प्रश्नच येत नाही.

तपासणीतली स्थिती कळली की उपचार त्याच पोटातून निघतो. लेंग्याची नाडी आठवा. दोन्ही टोकं एकदम ओढली तर नाडी आवळते. एक टोक ओढून दुसरं सैल सोडलं तर ती नेफ्यातून सरसर सरकते. हाताचंही तसंच. कोपर सरळ करताना मानही पलीकडं नेली तर नस दोन्हीकडून ताणते. कोपर सरळ करताना मान त्याच हाताकडं झुकवली तर वरचं टोक सैल पडतं आणि नस ताण न घेता सरकते. मिशेल कॉपिटर्स आणि डेव्हिड बटलर यांनी २००८ मध्ये मृतदेहांवर हे तत्त्व मोजून दाखवलं. सरकवण्याच्या प्रकारात मनगटाजवळ मीडियन नस १२.६ मिलिमीटर हलली आणि तिचा ताण वाढला फक्त ०.८ टक्के. ताणण्याच्या प्रकारात ती हलली निम्मीच, ६.१ मिलिमीटर, आणि ताण मात्र वाढला ६.८ टक्के, म्हणजे सशाच्या त्या ८ टक्क्यांच्या अगदी उंबरठ्यावर. ‘दुखेपर्यंत ताणा म्हणजे मोकळं होईल’ हा गल्लोगल्लीचा सल्ला नसेच्या बाबतीत का उलटतो, ते यावरून दिसतं. स्नायूला ताण आवडतो, नसेला वाट आवडते.

या व्यायामांचा उपयोग सगळीकडं सारखा नाही. २०१७ मध्ये आजवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा मानेतून हातात आणि कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यात फायदा दिसला. मनगटाच्या बोगद्याबाबत मात्र चित्र धूसरच राहिलं. तेव्हा कुणाला काय द्यायचं, हे त्या मूठ रोवून केलेल्या तपासणीवरच ठरतं, आणि दर भेटीत कोपराचा कोन पुन्हा मोजला जातो.

घरी करायला दिलेला व्यायाम दिसायला मोठा गमतीशीर असतो. हात बाजूला, कोपर उघडतोय, त्याच वेळी मान हाताकडं झुकतेय. कोपर मिटतोय, मान परत जातेय. दुखायच्या अलीकडं थांबायचं, लय सोडायची नाही. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत भिंतीशी उभं राहून कुणी हे करू लागला, तर शेजारचे विचारणारच, ‘काय दादा, गणपतीत नाचायची तालीम का?’